आधी दहा, मग बेचाळीस: धावणाऱ्या वाचकांचे प्रश्न

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, आणि पाऊस सुरू झाला की तिच्या तयारीची पत्रं आमच्याकडे यायला लागतात. यंदा बऱ्याच पत्रांचा रोख एकच आहे: पळायचं आहे बेचाळीस किलोमीटर, मग पाच-दहा किलोमीटरच्या शर्यतींत रविवार का घालवायचे? त्यातल्या निवडक पत्रांची ही उत्तरं.

वय 38. दोन वर्षं पळतोय, आठवड्याला साधारण 35 किमी होतात. जानेवारीत पहिली फुल मॅरेथॉन. ग्रुपमधले म्हणतात, आत्तापासूनच लाँग रन वाढव, 10के म्हणजे पोरांचा खेळ. खरं का? (ठाणे)

नाही. कॅलेंडर उलटं मोजून बघा. पहिल्या मॅरेथॉनला 16 ते 18 आठवड्यांची तयारी पुरते, म्हणजे तुमचा आराखडा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो. जूनपासून 25-28 किमीचे लाँग रन रेटले तर डिसेंबरात पाय आणि उत्साह दोन्ही संपलेले असतात. मधले दहा-बारा आठवडे वेग वाढवण्यासाठीच आहेत.

वेग कशाला, हेही आकड्यांतच बघू. समजा, आज तुमची 10के, म्हणजे दहा किलोमीटरची शर्यत, 60 मिनिटांत होते, म्हणजे किलोमीटरला 6:00. मॅरेथॉन 6:30 ने पळायची ठरवली तर दोन्हींत अंतर फक्त 30 सेकंदांचं. एवढ्या जोरात शरीर स्नायूंतली साखर भराभर जाळतं आणि तिसाव्या किलोमीटरच्या आसपास टाकी रिकामी होते. हीच 10के 55 मिनिटांवर आली, म्हणजे 5:30, की तोच 6:30 चा पेस (एका किलोमीटरला लागणारी वेळ) एका मिनिटाने सैल पडतो. श्वास खाली राहतो, चरबीचा वाटा वाढतो, साखर जास्त वेळ पुरते. बत्तिसाव्या किलोमीटरला चालायची वेळ येते, तिथे बहुतेकांचे लाँग रन अपुरे असतात. पण पेसच कुवतीच्या फार जवळचा निवडलेला असणं, हेही कारण तितकंच मोठं आहे.

मोठे धावपटूही याच वाटेने गेले आहेत. केनियाचा ऑलिंपिक मॅरेथॉन विजेता किपचोगे 2003 मध्ये 5000 मीटरचा विश्वविजेता होता, मॅरेथॉनला तो 2013 मध्ये उतरला. आपल्या शिवनाथ सिंग यांनी 1974 च्या तेहरान आशियाई स्पर्धेत 5000 मीटरचं सुवर्ण घेतलं आणि 1978 मध्ये जालंधरला 2:12:00 ची मॅरेथॉन मारली. नाशिकच्या कविता राऊतचं नाव 10,000 मीटरमध्ये झालं, रिओ ऑलिंपिकला ती मॅरेथॉन धावली. (साताऱ्याची ललिता बाबर उलटी गेली: मॅरेथॉनकडून स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे, थेट रिओच्या अंतिम फेरीत.)

एक अट. आठवड्याला 20 किमीसुद्धा होत नसतील तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही. आधी सहा आठवडे नुसतं गप्पा मारत पळा.

10केचा हंगाम आखायचा तर आठवडा कसा लावू? आणि शर्यती किती? माझी 5केची वेळ 27 मिनिटं आहे. (नाशिक)

बारा आठवड्यांत तीन शर्यती, फार तर चार. चौथ्या-पाचव्या आठवड्यात 5के, आठव्याला 10के, बाराव्याला पुन्हा 10के. दर रविवारी बिब (छातीवरचा नंबर) लावून पळणाऱ्यांची वेळ सहसा सुधारत नाही, कारण सरावाला दिवसच उरत नाहीत: अर्धा आठवडा थकवा काढण्यात जातो, अर्धा पुढच्या शर्यतीसाठी पाय राखण्यात.

पाच दिवस पळा. मंगळवारी जोराचं सत्र. गुरुवारी सावकाश 7-8 किमी, शेवटी 20-20 सेकंदांचे सहा स्ट्राइड्स (छोट्या जलद धावा), दोन स्ट्राइड्समध्ये मिनिटभर चाल. बुधवार आणि शनिवार सावकाश. रविवारी 12 ते 14 किमी लांब पण मोकळं. सोमवार आणि शुक्रवार सुट्टी.

मंगळवारचं सत्र तुमच्या वेळेवरून काढू. 27 मिनिटं म्हणजे किलोमीटरला 5:24. पहिले चार आठवडे 400 मीटरच्या दहा फेऱ्या, प्रत्येक 2:10 मध्ये, मध्ये 200 मीटर जॉग. पुढचे चार आठवडे 800 मीटर सहा वेळा, प्रत्येक 4:20 च्या आसपास, मध्ये 400 मीटर जॉग. शेवटच्या चारांत 1000 मीटर पाच वेळा, पण आता 10केच्या पेसने, म्हणजे 5:35 ते 5:40, मध्ये दोन मिनिटं जॉग. शर्यतीच्या आठवड्यात फेऱ्या निम्म्या करा, वेग तोच ठेवा.

इथे हमखास होणारी चूक सांगतो. पहिल्या फेऱ्या 1:55 ला मारायच्या, शेवटच्या 2:20 ला, आणि सरासरी बरोबर आली म्हणून खूश व्हायचं. असं केल्याने तुम्ही पाचव्या किलोमीटरला कोसळायचा सराव करता. शेवटची फेरी पहिलीपेक्षा दोन सेकंद जलद यायला हवी. ती संपल्यावर "अजून एक झाली असती" असं वाटलं तर सत्र नीट झालं.

आठव्या आठवड्याच्या 10केत काय धराल? 5केची वेळ गुणिले 2.085. तुमच्यासाठी 56 मिनिटं 18 सेकंद.

पहिलीच 5के. किलोमीटरवार वेळा 5:00, 5:35, 5:55, 6:05, 6:05. एकूण 28:40. दुसऱ्या किलोमीटरलाच छाती भरून आली. स्टॅमिना कमी पडतोय का? (पुणे)

स्टॅमिना नाही, पहिला किलोमीटर. या वेळा पाहता तुम्ही आजही 27:45 च्या आसपास पळू शकता. पहिल्या पाच मिनिटांत कुवतीपेक्षा जोर लावला की स्नायूंत आम्लता साठते, आणि ती धावता धावता फिटत नाही. वाचवलेली तेहतीस सेकंदं पुढे व्याजासकट जातात.

पुढच्या वेळी: पहिला किलोमीटर 5:40, दुसरा-तिसरा-चौथा 5:33, आणि शेवटच्याला जे उरलं असेल ते. तो 5:25 ला आला तर बेरीज 27:44. पहिला किलोमीटर तुम्हाला लाजिरवाणा सावकाश वाटेल, कडेने माणसं निघून जातील. जाऊ द्या, तिसऱ्या किलोमीटरला त्यातली बरीचशी परत भेटतील.

घड्याळातला चालू पेस इथे कामाचा नाही. सुरुवातीच्या गर्दीत तो मागून येतो आणि उड्या मारतो. त्यापेक्षा ट्रॅकवर जाऊन 200 मीटर 1:08 मध्ये पळायची सवय लावा, मनगटाकडे न बघता. तुमच्या 5:40 चा तो ताल आहे. त्या दिवशी तुम्ही दर 200 मीटर 60 सेकंदांत काढत होतात. आठ सेकंदांचा हा फरक पायांना ओळखता आला पाहिजे.

वॉर्म-अपही लिहिलेला नाही, तेव्हा तो झाला नसावा. स्टेजवरच्या झुंबाला वॉर्म-अप धरू नका. जितकी शर्यत छोटी तितका वॉर्म-अप मोठा. 5केला 12-15 मिनिटं जॉग, मग घोटा-गुडघा-कंबर मोकळी करणारे हलते व्यायाम, मग शर्यतीच्या पेसने 80-80 मीटरचे चार स्ट्राइड्स. हे सगळं सुरुवातीच्या दहा मिनिटं आधी आटपा. आणि अगदी पुढे उभे राहू नका. वेळ मोजणारी चिप असल्यामुळे तुमची नेट वेळ तुम्ही सुरुवातीच्या रेषेवरची मॅट ओलांडल्यावरच सुरू होते, अर्धा मिनिट मागून निघालात तरी काही जात नाही.

10केत घड्याळाने 10.18 किमी दाखवलं, चिप टाइम 54:30. मार्ग चुकीचा मोजला होता का? आणि यावरून मॅरेथॉनचा अंदाज किती धरू? (डोंबिवली)

मार्ग बहुधा बरोबर आहे. प्रमाणित मार्ग वळणांच्या आतल्या, सगळ्यांत जवळच्या रेषेने मोजतात, आणि तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात. तुम्ही मात्र बाहेरून वळता, पाण्याच्या टेबलाकडे जाता, माणसांना वळसा घालता. उड्डाणपूल आणि उंच इमारतींपाशी जीपीएस घड्याळ आणखी भर घालतं. घड्याळाच्या मते तुमचा पेस 5:21, खरा 5:27. सहा सेकंद किरकोळ वाटतात, पण मॅरेथॉनला ती चार मिनिटांवर जातात. म्हणून शर्यतीत किलोमीटरच्या पाट्यांपाशी हाताने घड्याळाचं लॅपचं बटण दाबा.

अंदाजासाठी रीगलचं सूत्र प्रचलित आहे. त्यानुसार 10केची वेळ गुणिले 4.6, म्हणजे तुम्हाला 4 तास 10 मिनिटं. हा आकडा भिंतीवर चिकटवू नका. ज्याचं अंतराचं काम वेगाच्या तोडीचं झालंय त्याच्यासाठी तो आहे. आठवड्याला 40 किमी करणाऱ्याने 4.9 ते 5 ने गुणावं: 4:27 ते 4:32. शिवाय मुंबईत आठनंतर ऊन लागतं आणि पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय आधीच दमलेले असताना येतो.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास साताऱ्याची हिल हाफ (घाटातली अर्धमॅरेथॉन) असते. 10केऐवजी तीच केली तर? घरचीच शर्यत आहे. (सातारा)

जरूर करा, पण 10केचा पर्याय म्हणून नको. यवतेश्वरचा घाट चढताना वेळ जाते, ती उतरताना पूर्ण भरून येत नाही, त्यामुळे तिच्या वेळेवरून सपाट मॅरेथॉनचा अंदाज बांधता येत नाही. त्रास होतो तो उतारावर. मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत राहतात आणि आतून फाटतात. दुसऱ्या दिवशीपेक्षा तिसऱ्या दिवशी जिना उतरणं अवघड जातं ते यामुळे. नंतरचे दहा दिवस जोराचं सत्र ठेवू नका, आणि मॅरेथॉनचा आराखडा त्यानंतरच सुरू करा. आधीच्या महिन्यात दोन-तीनदा उतारावर सावकाश, छोट्या पावलांनी पळून मांड्यांना सवय करून द्या.

मॅरेथॉनची तयारी सुरू झाल्यावरही 10के पळत राहू का? शर्यतीनंतर लगेच 12 किमी जोडले की लाँग रनही होतो. (मुलुंड)

हा जोड-धंदा आम्हाला पसंत नाही. खरोखर जोर लावून पळालात तर नंतरचे 12 किमी वाकड्या-तिकड्या पावलांनी होतात, आणि पोटरी, घोट्यामागची शीर तिथेच दुखावते. नंतरचे 12 किमी सहज जमत असतील तर शर्यत अर्ध्या मनाने झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक 10के पुरे, तीही त्या आठवड्याच्या जोराच्या सत्राच्या बदली. त्या आठवड्यात लाँग रन वगळा. शर्यतीनंतर दर तीन किलोमीटरमागे एक सावकाश दिवस धरा: 10केला तीन-चार, हाफला सात. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एक हाफ घ्या. बूट, धावताना घ्यायचं एनर्जी जेल, सकाळचं खाणं या सगळ्याची तालीम तिथे होते.

10केला मात्र जेल लागत नाही. आदल्या रात्री वरण-भात, सकाळी दोन तास आधी एखादं केळं आणि ब्रेडचे दोन स्लाइस. रोज चहा पीत असाल तर तोही घ्या. शनिवारी रात्री मिसळ नको, एवढं कळतंच.

रविवारी 10के आहे. गुरुवारी ताप होता, आता उतरलाय. अंग दुखतंय. पेनकिलर घेऊन पळू का? (कोल्हापूर)

पळू नका. विषाणूचा ताप उतरल्यावरही हृदयाच्या स्नायूंना सूज असू शकते, आणि अशा वेळी जोर लावणं जिवावर बेतू शकतं. पावसाळ्यात डेंग्यूची शक्यताही असते, आणि तसं असेल तर आयबुप्रोफेनसारख्या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो. एरवीही शर्यतीआधी ही गोळी घेणं चूक. घामाने पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडावर ताण आणते. ताप गेल्यावर किमान आठवडाभर थांबा, मग चालणं, मग सावकाश पळणं. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर आधी डॉक्टर.

पावसात शर्यत असली की बूट दोन दिवस ओले राहतात. आणि 10केसाठी कार्बन प्लेटचे बूट घ्यावेत का? (रत्नागिरी)

आतला तळवा काढा, नाड्या सैल करा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन-दोन तासांनी दोनदा बदला. मग पंख्याखाली ठेवा. हीटर, गॅसची शेगडी, कडक ऊन नको, त्याने तळाचा गोंद सुटतो आणि फोम कडक होतो. तरी कोकणातल्या जुलैत एक जोड पुरत नाही, आलटून-पालटून दोन ठेवाच.

तळात कार्बनची कडक पट्टी असलेले हे बूट यंदा नको. उंच, मऊ, डुगडुगता तळ ओल्या वळणावर घोटा वळवतो आणि सवय नसलेल्या पोटऱ्यांवर वेगळाच भार टाकतो. ते पैसे दुसऱ्या जोडीला लावा. आणि शर्यतीत झेब्रा क्रॉसिंगचे रंगीत पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं चुकवा. ओल्यात दोन्ही साबणासारखी होतात. वळायचं ते पट्ट्याच्या आधी, पट्ट्यावर नाही.