मुकुट उतरला, पण हप्त्याहप्त्याने

प्रश्न : घरात १९४७ सालचा रुपया सापडला. एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला इंग्लंडचा राजा. स्वातंत्र्याच्या वर्षी राजा कसा? आणि नाणे चांदीचे आहे का?

उत्तर : स्वातंत्र्य १९४७ ला मिळाले, तरी प्रजासत्ताक होईपर्यंत, म्हणजे २६ जानेवारी १९५० पर्यंत, भारत डोमिनियन (ब्रिटिश राजा मानणारा स्वायत्त देश) होता आणि सहावा जॉर्ज कायद्याने आपला राजा होता. 'हिंदुस्थानचा सम्राट' हा किताब त्याने २२ जून १९४८ ला सोडला. तुमच्या नाण्यावर 'किंग एम्परर' कोरलेले आहे ते त्याआधीचे. राजाच्या चेहऱ्याच्या नाण्यांवर १९४७ हेच शेवटचे साल दिसते. एक रुपयाच्या नोटेवर सारनाथचे सिंह १९४९ लाच आले (आधी गांधीजींच्या चित्राचे आराखडेही झाले होते). नाण्यांवर ते १५ ऑगस्ट १९५० ला उमटले आणि रुपयावरच्या वाघाच्या जागी कणसे आली. आणे-पै मात्र १९५७ पर्यंत तशीच.

चांदीचे म्हणाल तर चुंबक लावून पाहा. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यामुळे चिकटतो. चांदी चिकटत नाही. चिंच-मीठ लावून घासू नका. राजाचा गाल आणि वाघाची पाठ हे उंच भाग आधी झिजतात, आणि जाणकार नेमके तेच बघतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नका, कालांतराने चिकट थर चढतो.

प्रश्न : नौदलाच्या ध्वजावरचा लाल क्रॉस इतकी वर्षे का राहिला?

उत्तर : १९५० ला नौदलाच्या नावातला 'रॉयल' शब्द गेला, कोपऱ्यातल्या युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला, सेंट जॉर्जचा हा लाल क्रॉस राहिला. २००१ ला तो काढून निळे बोधचिन्ह घातले, पण ते समुद्राच्या आणि आभाळाच्या निळ्यात दिसेना. तक्रारी आल्या आणि २००४ ला क्रॉस परतला, मध्यभागी सिंह घेऊन. चिन्ह दुरून ओळखू यायला हवे, ही साधी गोष्ट तेव्हा सुटली होती. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल होताना क्रॉस कायमचा गेला. आताच्या निळ्या अष्टकोनाला सोनेरी कड आहे, आकार शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला.

प्रश्न : मेजरच्या खांद्यावर पूर्वी मुकुट असे का?

उत्तर : हो. त्या जागी आता सिंह आहेत. लेफ्टनंट कर्नलला त्याखाली एक तारा, कर्नलला दोन. मांडणी जुनीच ठेवली.