होम्सकडून मी काय शिकले? नॉर्बरी!

‘शेरलॉक होम्सकडून आयुष्यात काय शिकावं?’ असं विचारलंय तुम्ही. निरीक्षण, तर्क, एकाग्रता हे उत्तर तुम्हाला कुणीही देईल. माझं ऐकाल तर त्या निरीक्षणाच्या नादी लागू नका. मी लागले होते. चार कादंबऱ्या आणि ५६ कथा, आधी मराठीतून आणि मग इंग्रजीतून, कॉलेज संपायच्या आत वाचून झाल्या होत्या. समोरच्याच्या चपलांवरून तो कुठून आलाय हे सांगायची खोड लागली. बऱ्याचदा बरोबर यायचं, तीच तर पंचाईत झाली.

२०१६ ची दिवाळी. मी पुण्याहून साताऱ्याला माहेरी गेले होते. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. पासबुक भरून आणायला त्यांनी मला बँकेत पाठवलं आणि परत येताना रिक्षात मी ते चाळलं. (चाळायला नको होतं. पण चाळलं.) दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला एटीएममधून २,५०० रुपये काढलेले. आप्पा जन्मात एटीएमच्या दारात उभे राहिलेले नाहीत. आणि पैसे काढलेले कोरेगावला.

झालं, माझ्या डोक्यात चक्रं सुरू. कार्ड कुणाकडे? धाकट्या भावाच्या पाकिटात, मी स्वतः पाहिलेलं. कोरेगावला कोण जातं? तोच, त्याच्या गाडीच्या डिकीत तिथल्या पंपाची पावती होती. नवी गाडी हप्त्यावर. त्याची नोकरी साताऱ्यातच एमआयडीसीत, मग दर महिन्याला वीस किलोमीटर कशाला जायचं? शिवाय ‘आप्पांचे पैसे कशाला लागतात रे?’ असं मी सहज म्हटलं तर त्यानं विषय बदलला. एकही धागा सुटत नव्हता.

भाऊबिजेच्या दिवशी, ओवाळून झाल्यावर, आई, आप्पा आणि त्याच्या बायकोसमोर मी एकेक पुरावा मांडला. सगळ्यांना एका खोलीत बसवून चोर उघडा करायची ही पद्धत खरं तर होम्सची नाही, ती अगाथा ख्रिस्तीच्या गुप्तहेराची, प्वारोची. पण त्या वेळी एवढं भान कुणाला.

भाऊ काही बोलला नाही. ओवाळणीची पाचशेची नोट ताटात ठेवली आणि गाडी काढून निघून गेला. आप्पा उठले, ट्रंकेतून एक शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. २००९ साली माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी आणि हॉस्टेलसाठी त्यांनी कोरेगावच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून १,८०,००० रुपये बिनव्याजी घेतले होते. निवृत्त झाल्यावर, मार्च २०१२ पासून, दरमहा अडीच हजार फेडत होते. त्यांचे गुडघे गेल्यापासून भाऊ कोरेगावला जाऊन, तिथेच पैसे काढून हातात देऊन यायचा. ५६ हप्ते झाले होते, ४०,००० बाकी होते. मला कळू द्यायचं नाही, अशी आप्पांनी त्याला शपथ घातली होती.

म्हणजे माझं प्रत्येक निरीक्षण बरोबर होतं. कार्ड त्याच्याकडे, कोरेगाव खरं, पैसेही खरेच काढलेले. फक्त चोर नव्हता. आणि खर्च माझा होता.

होम्सची १८९३ सालची एक कथा आहे, पिवळ्या चेहऱ्याची. तिच्यात अशिलाच्या विसरलेल्या पाईपवरून होम्स सांगतो, हा माणूस डावखुरा आहे, दात मजबूत आहेत, पैशाची चणचण नाही. इथवर ठीक. मग त्याच माणसाच्या बायकोबद्दल तो तर्क बांधतो की तिचा पहिला नवरा जिवंत आहे आणि तिला छळून पैसे उकळतोय. वॉटसन म्हणतो, हा सगळा अंदाजच आहे. होम्स म्हणतो, पण सगळ्या गोष्टी त्यात बसतात ना! लंडनजवळच्या नॉर्बरीत, बायको चोरून जायची त्या घरात निघते ती तिच्या पहिल्या, कृष्णवर्णीय नवऱ्याची लहान मुलगी, तोंडावर मुखवटा घालून लपवलेली. तिचा आत्ताचा नवरा थोडा वेळ गप्प राहतो, काही आवृत्त्यांत दोन मिनिटं, काहींत दहा, आणि मग त्या पोरीला उचलून घेतो. परत आल्यावर होम्स वॉटसनला सांगतो, मी फार शहाणपणा करायला लागलो की माझ्या कानात ‘नॉर्बरी’ म्हणत जा.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच. होम्सची वाक्यं स्टेटसला लावणाऱ्यांनी ही कथा वाचलेलीच नसते. ‘सगळं जुळतंय’ याला पुरावा म्हणत नाहीत.

माझ्या भावाला मला माफ करायला दोन मिनिटं पुरली नाहीत. दीड वर्ष तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याचं अजूनही म्हणणं, ‘ताई, सरळ विचारायचं होतंस.’ बरं बाबा, विचारलं असतं तर सांगितलं असतंस? शपथ घातलेली ना? त्या कथेतही नवऱ्यानं बायकोला विचारलंच होतं, आणि ती म्हणाली, विश्वास ठेव, सांगणार नाही. लपवणारे लपवतात, मग संशय घेणाऱ्यालाच सगळे दोष देतात. आप्पांनी मला २००९ मध्येच सांगितलं असतं तर पहिल्या पगारापासून मीच हप्ते भरले असते. हे मी त्याला दहादा सांगितलंय, पटत नाही. चूक माझी नव्हती असं नाही. वहिनीसमोर बोलायला नको होतं, ते पूर्णपणे माझंच.

आणि हो, वयस्कर आईवडिलांचं पासबुक बघूच नका असं मी म्हणत नाही. बघाच, हल्ली फोनवरून गंडा घालणारे कमी नाहीत. फक्त आधी त्यांनाच विचारा, एकटं गाठून.

उरलेले ४०,००० मी चेकनं दिले, कारण आठवड्याभरात, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. ओवाळणीची ती पाचशेची नोट मी बदलून घेतली नाही, कपाटात आहे. भावाला ही कथा मी नंतर वाचायला दिली. त्यानं ती शेवटापासून वाचली आणि एवढा एकच शब्द उचलला. आता मी जरा आवाज चढवला की फोनवर ‘ताई, नॉर्बरी!’ गेल्या महिन्यात आईच्या औषधांच्या बिलावरूनही म्हणाला. त्या वेळी मात्र दुकानदारानं खरंच दोन पाकिटं जास्त लावली होती.