‘गॉसिपिएला’मधला ‘एला’ आला कुठून?

कृषी पदविकेच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, बटाट्यावरच्या पाकोळीचं थोरिमिया ऑपरक्युलेला, कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचं प्लुटेला झायलोस्टेला, लिंबाच्या पानांत बोगदे करणाऱ्या नागअळीचं फिलोक्निस्टिस सिट्रेला. या सगळ्यांच्या शेवटी ‘एला’ का? आणि ज्या लहान पतंगांना इंग्रजीत मायक्रोमॉथ म्हणतात, त्यांना मराठीत ‘सूक्ष्म पतंग’ म्हणावं का?

‘एला’ हा लॅटिनमधला लहानपणा दाखवणारा प्रत्यय. आपल्याकडे रोपाचं रोपटं होतं, घराचं घरकुल होतं, त्याच जातीचा. पण इथे तो केवळ लहान आकारासाठी आलेला नाही, तो एक शिक्का आहे.

1758 साली लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने ‘सिस्टेमा नॅचुरे’ या आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याला ठाऊक असलेले बहुतेक पतंग ‘फॅलीना’ या एकाच प्रजातीत (इंग्रजीत जीनस, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) घातले आणि तिचे सात कप्पे केले. जातीचं नाव कानावर पडताच कप्पा कळावा म्हणून त्याने शेवटं ठरवून दिली. टॉर्ट्रिक्सच्या कप्प्यातलं नाव ‘आना’वर संपायचं, पायरॅलिसचं ‘आलिस’वर, टिनियाचं ‘एला’वर, आणि अॅल्युसिटाचं ‘डॅक्टिला’वर, म्हणजे बोटांवर. हा शेवटचा कप्पा समजून घ्यायचा असेल तर तुरीच्या शेतात पिसारी पतंग बघा. अंगाशी काटकोन करून पंख पसरून बसतो. पुढचा पंख टोकाकडून दोन भागांत चिरलेला, मागचा तीन भागांत, आणि प्रत्येक भागाच्या कडेला पिसासारखी झालर. लिनियसला त्यात बोटं दिसली, आपल्या शेतकऱ्याला पिसारा. मला आपलं नाव जास्त आवडतं.

लिनियसनंतरच्या अभ्यासकांनी ही शिस्त मनापासून पाळली. सॉन्डर्सने 1843 साली भारतातून आलेल्या नमुन्यांवरून बोंडअळीच्या पतंगाचं वर्णन केलं, तेव्हा कापसाच्या ‘गॉसिपियम’ला ‘एला’ जोडून गॉसिपिएला केलं. वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणारी ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस आणि भाताची पानं गुंडाळणारी नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस, दोन्ही नावं गेनेने 1854 मध्ये दिली. दोन्हींचा शेवट ‘आलिस’, कारण दोन्ही पायरॅलिसच्या घराण्यातल्या.

गंमत पुढे आहे. नामकरणाच्या नियमांनुसार प्रजाती बदलली तरी जातीचं मूळ नाव टिकतं. सॉन्डर्सने गॉसिपिएला डिप्रेसारिया या प्रजातीत घातली होती, पेक्टिनोफोरा हे नाव 1917 मध्ये आलं, ‘गॉसिपिएला’ जागचं हललं नाही. त्यामुळे कप्पा चुकला असेल तरी शिक्का तसाच राहतो. सफरचंदात शिरणारी सिडिया पोमोनेला (भारतात ती लडाखमध्ये आढळते) खरं तर टॉर्ट्रिक्सच्या घराण्यातली, म्हणजे ‘आना’ची मानकरी. लिनियसने तिला टिनियात बसवलं होतं, म्हणून ती आजही ‘एला’. मधमाशीपालकांना छळणारा मेणपतंग, गॅलेरिया मेलोनेला, हा तर पायरॅलिसवाल्यांचा, पण शेपूट ‘एला’चंच. उलट टोमॅटोवरच्या टुटा अॅब्सोल्युटाला ‘एला’ नाही, कारण 1917 मध्ये मेरिकने दिलेल्या त्या नावात शिस्तीचा आग्रह उरला नव्हता. मेरिक हा इंग्लंडमधला शाळामास्तर, आणि त्याने एकट्याने हजारो लहान पतंगांची वर्णनं लिहिली. तेव्हा ‘एला’ दिसला की एवढंच समजावं: ज्याने नाव दिलं, त्याने हा पतंग टिनियासारख्यांत धरला होता.

आता दुसरा प्रश्न. ‘सूक्ष्म पतंग’ मला पटत नाही. सूक्ष्मजीव, सूक्ष्मदर्शक या शब्दांमुळे ‘सूक्ष्म’ म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, असंच मराठी वाचक समजतो. या पतंगांत सगळ्यात बारीक नेप्टिक्युलिडी कुळातले. त्यांच्यातल्या सर्वांत लहानांचे पंख पसरूनही तीन मिलिमीटरच्या आसपास भरतात, तरी डोळ्यांना दिसतात. दुसरीकडे, जुन्या वर्गीकरणात मायक्रोंमध्येच धरलेल्या कॉसिडी कुळातल्या एका ऑस्ट्रेलियन पतंगाच्या मादीचे पंख वीस सेंटिमीटरच्याही पुढे जातात. तिला सूक्ष्म कसं म्हणायचं?

त्याहून मोठी अडचण अशी की हा गटच खरा नाही. डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षात ‘मायक्रो’ म्हणजे एक फांदी नव्हे, बुंध्यापासून निघालेल्या अनेक फांद्या आहेत. भाताचा खोडकिडा ज्या पायरॅलॉइडियातला (म्हणजे पायरॅलिसच्या घराण्यातला), ते सगळे घाटेअळीसारख्या मोठ्या पतंगांचे जवळचे नातलग निघाले, आणि फुलपाखरं त्या दोघांपासून लांब. अगदी तळाच्या फांदीवर मायक्रोप्टेरिजिडी कुळ आहे. त्यांना सोंड नाही, ते जबड्याने परागकण चावून खातात. बहुतेक पतंगांत मादीला झेड आणि डब्ल्यू ही दोन वेगवेगळी लिंग-गुणसूत्रं असतात आणि नराला दोन झेड. मायक्रोप्टेरिजिडीच्या मादीला मात्र एकटं झेड, डब्ल्यू नाहीच. म्हणजे हे डब्ल्यू पतंगांच्या वंशात नंतर कधीतरी आलेलं. एवढी विविधता एका ‘सूक्ष्म’ शब्दाखाली कोंबू नये. माहिती देताना सरळ ‘लहान पतंग’ लिहावं, आणि नेमका गट सांगायचा असेल तर कुळाचं नाव द्यावं.

आपल्या शेतातली नावं तर बहुतांशी पतंगावरून पडलेलीच नाहीत. बोंडअळी, नागअळी, खोडकिडा ही नुकसान करणाऱ्या अवस्थेची नावं, आणि कामाला तीच योग्य. बीटी कापसातलं विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटतं. भारतातल्या प्रतिकारक गुलाबी बोंडअळ्यांत या प्रथिनाचं जनुक एकाच नव्हे, अनेक वेगवेगळ्या प्रकारांनी बिघडलेलं सापडलं आहे. त्या जनुकाची परीक्षा अळीच्या आतड्यात होते, तेव्हा तिथेही बोलायचं ते अळीबद्दलच.

लिहिताना एक सांभाळा. पेक्टिनोफोरा गॉसिपिएला ‘आली’ की ‘आला’, हे मनातल्या मराठी शब्दावर ठरतं. कामगंध सापळ्यात ‘पतंग अडकला’, बोंडात ‘अळी सापडली’. आणि टुटा अॅब्सोल्युटा हे नाव जुन्या पुस्तकांतून घेत असाल तर शेजारी थोरिमिया अॅब्सोल्युटा असंही लिहा, कारण 2021 मध्ये तिला बटाट्याच्या पाकोळीच्याच प्रजातीत हलवलं आहे.