श्वास मोजा, मग ठरवा

प्रश्न : नातू १४ महिन्यांचा आहे. तीन दिवस सर्दी, खोकला, ताप. छातीत घरघर ऐकू येते. न्यूमोनिया आहे का, हे घरी कसं कळेल?

उत्तर : नुसत्या घरघरीवर जाऊ नका. नाकातला शेंबूड घशात उतरला तरी तसाच आवाज येतो. खरी खूण श्वासाच्या वेगात असते. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, झबलं वर करून पोटाकडे पाहा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिटभर मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा चुकतो, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. रडताना, दूध पिताना मोजू नका.

एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वर्षाच्या आतल्या बाळासाठी हा आकडा ५०, दोन महिन्यांच्या आत ६०. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर झालेत, बाळ काहीच पीत नाही किंवा सुस्त पडलंय, तर मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

साध्या न्यूमोनियाला बहुधा अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक पुरतं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून आधी बाळाचं वजन करून घ्या. ताप उतरला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा आणि औषध सुरू केल्यावर दोन दिवसांनी पुन्हा दाखवाच. पोटावर बिब्ब्याचे चटके तर कृपा करून देऊ नका. त्याने फुप्फुसातला जंतू मरत नाही, बाळ मात्र भाजतं.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. न्यूमोनिया बरा झाला, पण दोन आठवड्यांनी एक्स-रेत डाग तसाच आहे. औषध बदलावं का?

उत्तर : ताप, धाप गेली असेल आणि जेवण सुधारलं असेल, तर केवळ डागासाठी औषध बदलू नका. या वयात डाग जायला सहा ते बारा आठवडे लागू शकतात. सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढा. विडी-सिगारेट ओढत असतील तर नक्कीच. तेव्हाही डाग राहिला तर सीटी स्कॅन करून गाठ नाही ना, हे पाहावं लागतं.

खोकला अजून चालू असेल तर थुंकीची टीबीसाठी तपासणी आत्ताच करा. सकाळी उठल्यावर, खोल खोकून छातीतून काढलेला बेडका हवा, लाळ नको. तपासणीआधी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेऊ नका. ते टीबीच्या जंतूंनाही थोडं दाबतं, काही दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं.