पोपट हिरवा, मग वाघ हिरवा का नाही?

प्रश्न : पक्षी एवढे रंगीबेरंगी, मग सस्तन प्राणी करडे-तपकिरीच का? वाघ हिरवा असता तर झाडीत जास्त चांगला लपला असता ना?

उत्तर : केसांत भरायला सस्तन प्राण्यांकडे रंगद्रव्य एकच, मेलॅनिन. त्याचा एक प्रकार काळा-तपकिरी, दुसरा तांबूस-पिवळा. वाघाचे पट्टे पहिल्यातून येतात, केशरी अंग दुसऱ्यातून. यात हिरवा आणायचा कुठून? स्लॉथ हा झाडावर राहणारा संथ प्राणी हिरवट दिसतो, पण ती त्याच्या केसांत वाढणाऱ्या शेवाळाची करामत.

पक्ष्यांकडे मेलॅनिन असतंच, शिवाय अन्नातली कॅरोटिनॉइड द्रव्यं, म्हणजे गाजराला रंग देणारी रंगद्रव्यं, तीही पिसांत उतरतात. फ्लेमिंगोच्या खाण्यात ती कमी पडली, तर जुनी पिसं झडून येणारी नवी फिकट निघतात. निळ्याची गोष्ट वेगळी. पीस ज्या प्रथिनाचं बनतं त्या केराटिनमध्ये हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांच्या रचनेमुळे निळा प्रकाशच प्रामुख्याने परत फिरतो. पोपटाचा हिरवा म्हणजे हा निळा आणि पिवळं द्रव्य यांची बेरीज. गळून पडलेलं निळं पीस मिळालं तर अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरा, दिवा पिसाच्या मागे हवा. निळा जाऊन तपकिरी दिसेल. पुढूनही उजेड पडत असेल तर हा प्रयोग फसतो.

पण रंग पाहणारा डोळाही हवा. डायनासोरांच्या काळात आपले पूर्वज बहुतेक रात्री वावरायचे. अंधारात रंग निरुपयोगी, त्यामुळे रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींचे चारांपैकी दोनच प्रकार बहुतेक सस्तनांत उरले. पक्ष्यांनी चारही राखले. अनेकांना अतिनील प्रकाशही दिसतो. हरणाला केशरी आणि हिरवा जवळपास सारखेच दिसतात, म्हणून वाघाचं हिरव्यावाचून काही अडत नाही! आफ्रिका-आशियातल्या माकडांत तिसरा प्रकार परत आला. मँड्रिल या आफ्रिकी माकडाचं निळं-लाल तोंड अशाच कुळातलं. त्यातला निळाही द्रव्याचा नव्हे, कातडीतल्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंच्या मांडणीचा.

प्रश्न : कुत्र्याला हिरवळीवरचा लाल चेंडू पटकन का दिसत नाही?

उत्तर : त्याच्याही डोळ्यात शंकुपेशींचे दोनच प्रकार आहेत. लाल त्याला मळकट पिवळा-तपकिरी दिसतो, गवतही पिवळटच. पिवळा चेंडूही तसा मिसळतो, निळा घ्या. चेंडू थांबला की तो नाकाने शोधतो, आणि वारा चेंडूकडून त्याच्याकडे येत नसेल तर थोडा वेळ जास्त लागतो.