वडिलांनी दारू सोडली, तरी घरात भांडणं का वाढली?

तुम्ही लिहिलंय की वडील व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन दोन महिने झाले, थेंबही घेतलेला नाही, तरी घरात रोज खटके उडतात. आई सारखा संशय घेते आणि दहावीतला भाऊ त्यांच्याशी बोलतच नाही. हे बहुतेक घरांत होतं. दारू सुटली, पण दारूला धरून बसलेली घराची घडी अजून तशीच आहे.

पगार झाला की पैसे आधी काढून ठेवायचे, ऑफिसात 'त्यांना ताप आहे' म्हणून कळवायचं, पाहुणे यायच्या आत त्यांना आतल्या खोलीत झोपवायचं, हे सगळं आईनं आणि तुम्ही वर्षानुवर्षं केलेलं असणार. आता तोच माणूस सकाळी अंघोळ करून चहाला बसतो आणि विचारतो, 'क्लासची फी भरली का?' भावाच्या डोक्यात तिडीक जाते. जाणारच. त्याला लगेच माफ करायला सांगू नका. वडिलांना बोलता आलं तर एवढंच बोलावं, 'तुझा राग बरोबर आहे.' पुढे 'पण' जोडू नये.

दुसरी बाजू शरीराची. रोज पिणाऱ्याची झोप दारू सोडल्यावर काही आठवडे, कधी काही महिनेही ठिकाणावर येत नाही. चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. घरच्यांना वाटतं, 'पीत होते तेव्हा निदान गप्प तरी असायचे.' हे वाक्य त्यांच्या तोंडावर कुणी बोलू नये. जेवणाच्या वेळा पाळा, कारण रिकाम्या पोटी ओढ वाढते, आणि संध्याकाळी सहा ते नऊ हा पट्टा मोकळा सोडू नका. एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडलेल्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) सभेला जायची वेळ नेमकी तीच असेल तर उत्तम. 'आता घरी आलात, तरी रोज बाहेर कशाला?' असं म्हणून त्यांना अडवू नका.

आईचा संशय. दार उघडताना आधी वास घ्यायचा आणि मग 'आलात का?' म्हणायचं, माळ्यावर, फ्लशच्या टाकीत, गाडीच्या डिकीत क्वार्टर शोधायची. इतक्या वर्षांची ही सवय दोन महिन्यांत जाणार नाही, आणि तिला दोष देण्यातही अर्थ नाही. झडतीऐवजी उघड करार करा. उशीर होणार असेल तर वडिलांनी आधी फोन करायचा आणि केंद्राचा फॉलोअप चुकवायचा नाही. त्या बदल्यात खिसे तपासणं बंद.

जबाबदाऱ्या एकदम परत देऊ नका, पण सगळ्या अडवूनही ठेवू नका. आधी दूध-पेपरचं बिल, ते दोन-तीन महिने नीट चाललं की लाइटबिल, मग फी. एटीएम कार्ड सगळ्यात शेवटी. उधारी एका कागदावर लिहून काढायला सांगा, बारची आणि मोबाइलवरच्या कर्जाचीही. ती त्यांच्या पगारातून हप्त्याहप्त्यानं फिटू दे. आईचे दागिने मोडून नाही.

नातेवाईक हमखास 'न कळत दारू सोडवणारी' पावडर सुचवतील. अजिबात नको. डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती गोळी आमटीत कालवून देणारी घरं आहेत. ती पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. असर शेवटच्या गोळीनंतर 14 दिवसांपर्यंत राहू शकतो. ही गोळी फक्त डॉक्टरांनी, रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं द्यायची.

गटारी, हळद, विसर्जनाची रात्र अशा दिवसांचा बेत आधीच ठरवा. स्लिप झालीच, म्हणजे एखाद्या वेळी पुन्हा प्यायलेच, तर त्या रात्री जाब विचारू नका, सकाळी केंद्राला कळवा. पण परत रोजचं पिणं सुरू झालं असेल तर कोंडून ठेवून एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भास, भ्रम सुरू होऊ शकतात. फिट किंवा भ्रम दिसला की वाट न बघता 108 ला फोन करा.

मारहाण झाली तर यातलं काही लागू नाही. 112 लावा आणि आई-भावाला घेऊन बाहेर पडा.

शेवटी, उपचार फक्त वडिलांचे झालेत. पुण्यात येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. अल-अनॉनच्या सभा घरच्यांसाठीच असतात, आणि तिथे जायला वडिलांची परवानगी लागत नाही, त्यांचं पिणं सुटलेलं असावं अशी अटही नाही. आई पहिल्यांदा 'मला काय झालंय?' म्हणेल. तुम्ही सोबत जा. भाऊ गटात बसायला तयार नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नंबर त्याच्या फोनमध्ये टाकून द्या आणि लावला का, असं रोज विचारू नका.