चवथीला त्याला घरी बोलवावे का?

पत्र, थोडक्यात: आम्ही गोव्यात डिचोलीजवळ राहतो. मुलगा पर्वरीला एका ख्रिस्ती मुलासोबत राहतो आणि तो आपला जोडीदार असल्याचे त्याने आम्हांला सांगितले आहे. दीर म्हणतात, हे ख्रिश्चनांच्या संगतीने आलेले पाश्चात्त्य खूळ आहे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तो जोडीदार घरात दिसला तर ते गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीला हात लावणार नाहीत. त्या मुलाची आई म्हणते, चर्च हे पाप मानते आणि माझ्या मुलाला तुमच्या हिंदू मुलाने बिघडवले. मी काय करू?

ताई,

दीर आणि ती आई एकमेकांच्या धर्माकडे बोट दाखवत असले, तरी दोघांचे म्हणणे एकच आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ सैल केले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत एक ज्योतिषी, काही ख्रिस्ती संघटना आणि मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड असे एरवी एका पंगतीला न बसणारे होते.

ज्या कलमाने हे संबंध गुन्हा ठरले, ते इंग्रजांच्या १८६० सालच्या दंड संहितेतले. गोव्यात ती संहिता मुक्तीनंतर लागू झाली, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्द केले. दिरांना न्यायालयाचे वावडे असेल, तर सरसंघचालक मोहन भागवत यांची जानेवारी २०२३ ची मुलाखत वाचायला द्या. त्यांनी जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला देऊन अशी माणसे समाजात पूर्वीपासून असल्याचे सांगितले. त्याच वर्षी संघाने समलिंगी विवाहाला विरोध केला हेही सांगून टाका, नाहीतर दीर तेवढ्यावरच तुम्हांला पकडतील.

त्या आईशी धर्मशास्त्राचा वाद घालू नका. कॅथलिक चर्च हे संबंध पाप मानते हे खरे, पण अशा माणसांना आदराने आणि करुणेने वागवावे, हीही त्याच चर्चची शिकवण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तर, विवाहविधीचे रूप न देता, अशा जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा रोमने पाद्रींना दिली. हे तिला एखाद्या समंजस फादरकडून कळावे. तुमच्या तोंडून ते परधर्मीयाचे शहाणपण वाटेल.

मला खरी काळजी वाटते ती कायद्याची. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. गोव्यात लग्न झाले की, वेगळा करार नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता समाईक होते. या दोघांना ते कवच नाही. मृत्युपत्र केले तरी आपल्या गोव्यात सगळी मिळकत मनाप्रमाणे देता येत नाही, आणि अपत्य नसेल तर आईवडिलांचा वाटा राखीव असतो. म्हणजे उद्या मुलाचे बरेवाईट झाले, तर त्याच्या जोडीदाराच्या डोक्यावर छप्पर राहील की नाही, हे बऱ्याच अंशी तुमच्यावर आणि तुमच्या यजमानांवर अवलंबून असेल. मुलाला वकिलाकडे जायला सांगा. तुम्हीही सोबत जा.

आणि चवथीला त्याच्या जोडीदाराला बोलवाच. माटोळी तुमचा मुलगाही बांधू शकतो. दिरांना मात्र हे ऐन सणाच्या दिवशी कळू नये. आठवडाभर आधी सांगा, आणि ते तुम्ही नव्हे, तुमच्या यजमानांनी सांगावे.